‘तो खड्डा बुजवू का?’ आणि इतर प्रश्न

मागच्या वेळी आपल्या कोल्हापुरातल्या नव्या लेआऊटमधल्या डिटेन्शन तळ्यांचा, म्हणजे पावसाचं पाणी काही तास अडवून हळूहळू सोडणाऱ्या तळ्यांचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही घेतो.

प्रश्न: आर. के. नगरच्या बाजूला प्लॉट घेतलाय. लेआऊटच्या खालच्या टोकाला बिल्डरनं उथळ खड्डा ठेवलाय. तो वर्षभर कोरडाच असतो. भराव टाकून बॅडमिंटन कोर्ट करावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. हरकत आहे का?

आहे. तो कोरडा आहे म्हणूनच उपयोगाचा आहे. भरलेल्या तळ्यात नवं पाणी मावत नाही. तुमचा मुरमाड माळ मोकळा होता तेव्हा बरंचसं पाणी जिरायचं, उरलेलं गवतातून रेंगाळत जायचं. आता स्लॅब, डांबर आणि पेव्हर ब्लॉकवरून तेच पाणी काही मिनिटांत खाली धावतं. दक्षिणेकडच्या उंच भागातला पाऊस जयंती नाल्याला येऊन मिळाला की रामानंदनगरात काय होतं, ते तिथं राहणाऱ्यांना विचारा.

तळी बुजवायची आपल्या गावाला जुनीच सवय. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. त्या मैदानात पावसाळ्यात पाणी साचलं की आपण महापालिकेला बोल लावतो. पाणी मात्र आपल्या जुन्या घरी आलेलं असतं.

खेळायचंच असेल तर भराव न टाकता तळाशीच मैदान करा. काठाचा उतार एकास तीन (फूटभर चढायला तीन फूट आडवं) किंवा त्याहून सौम्य ठेवा, म्हणजे पोरांना सहज वर येता येईल. पावसाळ्यात तिथं खेळू नये असा फलक लावा.

प्रश्न: मी नवखा सिव्हिल इंजिनिअर आहे. दोन एकरांच्या लेआऊटला तळं केवढं लागेल? क्लाएंट म्हणतो, ‘एक गुंठा बास.’

क्लाएंटला हा हिशेब दाखवा. दोन एकर म्हणजे सुमारे 8,100 चौरस मीटर. उदाहरणापुरता तासाला 60 मिलिमीटर पाऊस धरू: पडलेलं पाणी 486 घनमीटर. मोकळ्या माळावरून त्यातलं 30 टक्के वाहत असेल तर 146 घनमीटर; बांधकामानंतर 80 टक्के वाहिलं तर 389. फरक झाला 243 घनमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच लाख लिटर. पाण्याची खोली एक मीटर, काठाचे सौम्य उतार आणि वर फूटभर रिकामी जागा धरली, तर चारेक गुंठे लागतात. एका गुंठ्यात हे कसं बसवायचं ते क्लाएंटनंच सांगावं.

हा फक्त पहिला अंदाज. पक्क्या डिझाईनला आपल्या भागाचे पावसाची तीव्रता, कालावधी आणि वारंवारता सांगणारे आलेख घ्या. अर्धा तास, एक तास, दोन, तीन अशा वेगवेगळ्या कालावधींचे पाऊस लावून बघा, आणि ज्याला सर्वांत जास्त साठा लागेल तो धरा. नवखे इंजिनिअर इथंच फसतात. ते सर्वांत जोरदार सर धरतात. साठा बहुतेकदा लांबलेला पाऊस ठरवतो. शिवाय झडीत जमीन आधीच भिजलेली असते, तेव्हा ते 30 टक्केही कमी पडतात.

तळ्यापेक्षा महत्त्वाचं त्याचं बाहेर सोडणारं भोक. 150 मिलिमीटर व्यासाच्या भोकाच्या मध्यावर एक मीटर पाणी असेल, तर सेकंदाला साधारण 47 लिटर जातात. तासाला 146 घनमीटर म्हणजे सेकंदाला सरासरी 41 लिटर. जमतंय की नाही बघा. एका साईटवर ठेकेदारानं ‘गोडाऊनात पडलेला’ 450 मिलिमीटरचा पाईप बसवलेला मी पाहिलाय. व्यास तिप्पट, पण पाणी नऊपट. तळं कधी भरतच नव्हतं आणि सोसायटी जाम खूश होती! खालच्या गल्लीवाल्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आणि सांडवा विसरू नका. डिझाईनपेक्षा मोठा पाऊस येणारच. त्या वेळी पाणी बांध फोडून न जाता तुम्ही ठरवलेल्या वाटेनं जायला हवं.

प्रश्न: उचगावला आमच्या सोसायटीच्या तळ्यात दहा-दहा दिवस पाणी राहतं. डासांनी जीव नकोसा केलाय. औषध फवारू का?

आधी भोक बघा. प्लास्टिक, पाला नाहीतर गाळ अडकलेला असणार. एका ठिकाणी तर बागेला पाणी मिळावं म्हणून वॉचमननंच फळी ठोकली होती. डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पाणी फार तर दोन-तीन दिवसांत संपलं पाहिजे.

भोक मोकळं असूनही डबकं राहत असेल तर तळ बसलाय. भोकाकडे शंभरास एक तरी उतार पुन्हा काढून घ्या. पाणी आत येतं तिथं गाळ बसायला छोटा वेगळा हौद करा, म्हणजे दरवर्षी तेवढाच उपसावा लागेल. भोकापुढची जाळी तिरकी हवी. उभ्या जाळीला कचरा चिकटून बसतो.

साफसफाई जूनमध्ये ठेवू नका. आपल्याकडे पहिला दणका वळवाचा असतो, म्हणून मार्चअखेर गाळ निघालेला बरा. मग प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक चक्कर. बांधावर झाडं लावू नका, मुळांच्या कडेनं पाणी वाट काढतं. गवत चालेल.

प्रश्न: वडणग्याला आमचा ऊस आहे. वर प्लॉटिंग झाल्यापासून पाईपमधून सगळं पाणी शेतात येतं. ते म्हणतात, ‘तळं बांधलंय, पाणी पहिल्याइतकंच येतं.’

खरं असलं तरी पुरेसं नाही. पूर्वी ते पाणी बांधाच्या लांबीभर पसरून यायचं, आता एकाच तोंडातून येतं आणि माती खरवडतं. पाईपच्या तोंडाशी दगडी पिचिंग आणि नैसर्गिक ओघळापर्यंत चर, हे काम त्यांचं आहे. मंजूर नकाशात पाण्याची वाट कुठं दाखवलीय ते बघा आणि पावसातले फोटो तारखेसह ठेवा.

नदीचा मुद्दा मात्र वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की फुगवट्याचं पाणी नाल्यांतून उलटं चढतं. तेव्हा अशा तळ्याचं भोकच पाण्याखाली जातं. झडप नसेल तर नाल्याचं पाणी आत येतं. 2019 आणि 2021 चे पूर असल्या तळ्यांनी थांबले नसते. वळवाच्या दोन तासांच्या दणक्यासाठी ती असतात, आणि तसं न सांगता ‘पूरमुक्त लेआऊट’ म्हणून जाहिरात करणाऱ्यांपासून जपून राहा.

प्रश्न: त्यात गणपती विसर्जन केलं तर?

नको. शाडूचा गाळ आणि निर्माल्य थेट त्या भोकात जाऊन बसतं, आणि भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. काहील, म्हणजे मोठी पसरट कढई, आणा, आणि ती तळ्यात न ठेवता काठावर ठेवा.