'बिग बँड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : जॅझमधल्या तोशिको अकियोशी यांच्या परिचयात 'संगीतकार-पियानोवादिकेच्या नेतृत्वाखालील मोठा बँड' असं लिहिलं, तर चालेल का?

'मोठा' तरी नको. 'बिग बँड' हे आता प्रकाराचं नाव आहे. प्रत्येक छोटी गोष्ट काही लघुकथा नसते, तसंच हे. साधारण 16-17 वादक. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांच्या फळ्या, जोडीला पियानो, बास, ड्रम्स. 'वाद्यवृंद' चुकीचा नाही, पण तो वाचून आपल्याला आकाशवाणी आठवते, नाहीतर सिनेगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम. ('बँडमास्टर' तर थेट वरातच काढतो!) तेव्हा 'बिग बँड' आहे तसाच राहू द्या.

खरी अडचण 'संगीतकार' या शब्दाची आहे. आपल्याकडे संगीतकार म्हणजे चाल लावणारा. कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं हे लिहिणारा अरेंजर वेगळा. हिंदी सिनेमानं ही वाटणी पक्की केली. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांचं, पण सामान्य श्रोत्याला त्यांचं नाव क्वचितच ठाऊक असतं.

अकियोशींना ही वाटणी लागूच पडत नाही. 1973 साली पती ल्यू टॅबॅकिन यांच्यासह त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये हा बँड उभा केला. टॅबॅकिन सॅक्सोफोन आणि बासरीवर. बँडसाठीचं लेखन मात्र बाईंचं. सॅक्सोफोनवाल्यांच्या हाती मध्येच बासऱ्या आणि क्लॅरिनेट देऊन त्या बँडचा रंगच पालटायच्या. त्यांची 'कोगुन' ही 1974 ची रचना ऐका. कोगुन म्हणजे एकाकी पडलेली फौज. युद्ध संपल्यावरही जवळजवळ तीस वर्षं फिलिपिन्सच्या जंगलात लढत राहिलेला जपानी सैनिक हिरो ओनोदा तिच्यामागे आहे. जॅझच्या पितळी वाद्यांसोबत इथे 'नो' या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातला त्सुझुमी हा तालवाद्याचा प्रकार आणि त्याच्याबरोबरच्या लांबवलेल्या आरोळ्या येतात. त्या काढून टाकल्या तर उरेल ती 'कोगुन' नव्हे. चाल कुठे संपली आणि संयोजन कुठे सुरू झालं, हे इथे वेगळं काढताच येत नाही.

म्हणून मी 'रचनाकार' लिहीन. 'नेतृत्वाखालील' हा सरकारी थाट तर हवाच कशाला? आपली षष्ठी पुरेशी आहे : 'पियानोवादक आणि रचनाकार तोशिको अकियोशी यांचा बिग बँड'.