नकाशा वाचत सायकल चालवताना

प्रश्न : मी डोंगरी सायकल नियमित चालवतो, पण नकाशावाचनाचा सराव नाही. माउंटन बाइक ओरिएंटिअरिंगच्या (नकाशा पाहून ठरावीक ठिकाणे सायकलने कमीत कमी वेळात गाठण्याच्या) स्पर्धेत मी भाग घ्यावा का?

उत्तर : अवश्य घ्यावा. नवशिक्यांसाठी सोपे मार्गही अनेकदा आखलेले असतात आणि आपण तेथूनच आरंभ करावा. नकाशावरील वाटांच्या रेषा, त्या वाटेवर सायकल किती वेगाने जाईल त्यानुसार, वेगवेगळ्या असतात. त्यामुळे सलग रेषेचा लांबचा रस्ता तुटक रेषेच्या जवळच्या पायवाटेपेक्षा पुष्कळदा लवकर पोहोचवतो, आणि ही निवड करण्यातच या खेळाचा खरा आनंद आहे, असे मला मनापासून वाटते. हँडलवर फिरता नकाशाधारक बसवावा. वळण आले की नकाशाही वळवावा. शंका वाटल्यास थांबूनच वाचावे.