‘पश्चात्ताप करा’ हे मराठी बरोबर आहे का?

गुरुवार पेठेत राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे: “एका चर्चच्या भिंतीवर ‘पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ असं वाचलं. मराठीत पश्चात्ताप होतो, तो कोणी करत नाही. करायचं असतं ते प्रायश्चित्त. मग हे मिशनरी काळातलं कच्चं मराठी समजायचं, की लिहिणाऱ्याला प्रायश्चित्तच म्हणायचं होतं?”

दोन्ही नाही. पण प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे.

‘मला पश्चात्ताप झाला’ हे वाक्य ‘मला वाईट वाटलं’ याच घरातलं. तिथे ‘मला’ असतं, ‘मी’ नसतो. भावना आपण आणत नाही, ती आपल्याला होते, आणि जे आपोआप होतं त्याची आज्ञा देता येत नाही. इथवर आपलं म्हणणं मान्य. आता ‘दया’ घ्या. मला दया येते, आणि मी दया करतोही. ‘देवा, दया कर’ यात कोणालाच चूक वाटत नाही. आठवण येते, आठवण करताही येते. येणं ही भावना, करणं ही कृती. दया आली तरी माणूस हात न हलवता पुढे निघून जाऊ शकतो. पश्चात्तापाचंही तसंच आहे. तो होतो तेव्हा मन पोळतं. तो करायला सांगतात तेव्हा पोळलेल्या मनाने पुढे काय करायचं, ते सांगितलेलं असतं.

काय करायचं, हे मूळ शब्दांत दिसतं. भिंतीवरचं वाक्य बायबलच्या नव्या करारातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूच्या चरित्रातलं, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या तोंडचं. ग्रीकमधला शब्द ‘मेटानोइया’चा, म्हणजे मन पालटण्याचा. त्याच्यामागे जुन्या करारातलं हिब्रू क्रियापद उभं आहे, ‘शूव’: वळणे, माघारी फिरणे. संदेष्टे इस्राएल लोकांना पुन्हा पुन्हा सांगतात ते हेच, की परमेश्वराकडे फिरा. यात ‘ताप’ कुठेच नाही. वाट चुकलेल्याने पाय वळवणं आहे.

मग दुःखाचं काय? प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलातल्याच दुसऱ्या पत्रात (7:10) दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. देवाला अनुसरून झालेलं दुःख पश्चात्तापाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे, असं तो म्हणतो. म्हणजे दुःख हा रस्ता झाला, पश्चात्ताप हे पोचायचं ठिकाण. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला नंतर जे झालं, त्यासाठी मत्तय ‘मेटानोइया’चं क्रियापद वापरतच नाही, खंत वाटणे या अर्थाचं दुसरंच क्रियापद योजतो. मराठीत त्याला ‘पस्तावणे’ म्हणावं. यहूदाने चांदीची नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. येशूला धरलं त्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानेही त्याला तीनदा नाकारलं होतं. तोही रडला, पण तो परत आला. यहूदाचं दुःख पेत्राहून कमी होतं असं मला वाटत नाही. वळणं तेवढं राहून गेलं.

आता ‘प्रायश्चित्त’. पुण्यात हा शब्द काढला की जाणत्यांना पंचहौद मिशन आठवतंच, आणि ते आपल्याच पेठेत आहे. 1890 साली तिथल्या एका कार्यक्रमात चहा-बिस्किटं पुढे आली, शहरातली मोठमोठी मंडळी हजर होती, त्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून ओरड झाली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी टिळक आणि रानडे दोघांच्याही वाट्याला प्रायश्चित्त आलं. रानड्यांना चहा प्यायल्याचा पश्चात्ताप झाला होता असं कोणी म्हणणार नाही. स्नेह्यांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी ते घेतलं. प्रायश्चित्त घेता येतं, देता येतं, त्याचा विधी असतो, आणि मनाचा कौल न घेताही ते पार पडू शकतं. जुनी व्युत्पत्ती ‘प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय’ अशी देतात. शब्द थोर आहे, पण योहानाला सांगायचं होतं ते हे नव्हे.

गंमत अशी की हाच पेच युरोपातही पडला होता. लॅटिन बायबलात या आज्ञेचं भाषांतर ‘पेनितेन्तिआम आगिते’ असं होतं. त्याचा अर्थ ‘पश्चात्ताप करा’ असाही लागतो आणि ‘प्रायश्चित्त करा’ असाही, आणि मध्ययुगात दुसराच अर्थ रुळला. 1517 साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 95 कलमं मांडली, त्यातलं पहिलंच याविषयी आहे: योहानानंतर ख्रिस्तानेही हीच आज्ञा केली तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हावं अशी त्याची इच्छा होती. दुसऱ्या कलमात तो बजावतो की पाद्र्याकरवी होणारा प्रायश्चित्ताचा विधी असा याचा अर्थ लावता येत नाही. लॅटिनमध्ये एकाच शब्दात अडकलेले हे दोन अर्थ मराठीला दोन शब्दांनी वेगळे ठेवता आले, हे मला आपल्या भाषेचं भाग्य वाटतं.

मराठी बायबलात ‘प्रायश्चित्त’ आहेच, पण कर्ता पाहा. योहानाच्या (हा बाप्तिस्मा देणारा योहान नव्हे) पहिल्या पत्रात ख्रिस्ताविषयी म्हटलं आहे, “तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे.” माणसाने करायचा तो पश्चात्ताप, प्रायश्चित्त दुसऱ्याने करून ठेवलेलं. म्हणून भिंतीवर ‘प्रायश्चित्त करा’ लिहिलं असतं, तर व्याकरण आपल्या मनासारखं झालं असतं आणि शिकवणूक उलटी झाली असती. कॅथलिक मंडळींत कबुलीनंतर धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात हे खरं. एखादी प्रार्थना, एखादं सत्कृत्य. पण पापक्षमेचे शब्द उच्चारले जातात आणि प्रायश्चित्त सहसा त्यानंतर पुरं करायचं असतं. ती क्षमेची किंमत नसते, पापाने केलेली मोडतोड सावरण्याचा तो भाग असतो.

लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय 15) उधळ्या पुत्राच्या दाखल्यात हे फार बारकाईने आलं आहे. डुकरं चारताना मुलगा शुद्धीवर येतो आणि बापापुढे बोलायची वाक्यं मनात जुळवतो: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. मग तो उठून निघतो. तो दूर असतानाच बाप त्याला पाहून धावत जातो आणि गळ्यात पडतो. मुलगा जुळवलेलं बोलू लागतो, पहिली दोन वाक्यं होतात. तिसरं, मोलकऱ्याचं, येतच नाही. त्याआधीच बाप नोकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. ते तिसरं वाक्य म्हणजे मुलाने स्वतःला ठरवून दिलेलं प्रायश्चित्त होतं. वळणं त्याच्याकडून झालं, पुढचं बापाने केलं. मला हा दाखला पुन्हा वाचताना दर वेळी तिथेच थांबायला होतं.

क्षमेविषयी थोडंच. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने पापाला ‘ऋण’ म्हटलं आहे. क्षमा करणे यासाठीचं ग्रीक क्रियापद ‘सोडून देणे’ या अर्थाचं आहे, म्हणून मराठीतही “तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड” असं आलं. ऋण फेडलं तर ते सोडावं लागत नाही. सोडतात ते न फिटलेलं.

आणि हे सगळं मराठी कानाला परकं का वाटलं नाही, याचं एक कारण देहूत आहे. “अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष” असं तुकोबा म्हणतात, आणि पुढे “हेंचि प्रायश्चित । अनुतापीं न्हाय चित्त”. विधीतलं प्रायश्चित्त त्यांनी मनात आणून ठेवलं होतं. फरक आहेच: तुकोबांच्या ओळीत चित्त अनुतापातच न्हातं, ख्रिस्ती शिकवणुकीत चित्त धुतो तो क्षमा करणारा देव. तरीही मनाच्या वळण्यावर एवढं सोपवणारी भाषा इथे आधीपासून होती.

‘मनपरिवर्तन करा’ म्हणावं असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. मनपरिवर्तन एकाने दुसऱ्याचंही करता येतं आणि त्यात चुकीची टोचणी उरत नाही. ‘पश्चात्ताप’मध्ये ती टोचणी आहे, आणि पुढचं वळणं ‘करा’ने आणलं आहे.

तेव्हा रोजच्या बोलण्यात ‘मला पश्चात्ताप झाला’ हेच ठेवावं, ख्रिस्ती संदर्भात ‘पश्चात्ताप कर’ बिनदिक्कत लिहावं. फक्त लिहिताना पश्चात् अधिक ताप हे लक्षात ठेवावं. ‘पश्चाताप’ असा एकाच तचा शब्द पाट्यांवर नेहमी दिसतो. तो मात्र खरोखर चूक आहे.