उन्हाळ्यात गाडी काढताय? जेवायचं असं बघा

भाऊ, मराठवाड्यात पहिल्यांदाच चाललात तर ॲपवरचे स्टार बघत बसू नका, लोकल गाड्या अन् ट्रक कुठं थांबलेत ते बघा. नवे लोक भूक लागल्यावर ढाबा शोधायला लागतेत, तिथंच फसतेत.

- एकच्या आत उरका. तीनला सकाळचीच भाजी गरम करून येती, मे महिन्यात तर नकोच.
- लांबलचक मेनूपेक्षा जिथं डोळ्यासमोर भाकरी थापतेत अन् ठेचा न मागता ताटात येतो तिथं बसा.
- उसाचा रस बिनबर्फाचा.

धाराशिवहून बीडकडं येणार असाल तर कुंथलगिरीचा पेढा घ्याच, खवा तिथलाच असतो, फक्त उन्हात गाडीत ठेवू नका, वास मारतो. नान खलिया (नान अन् मटणाचा रस्सा) मात्र संभाजीनगरात पोचल्यावरच, हायवेला कुणी बोर्ड लावला तरी!