संख्याशास्त्राला घाबरून मानसशास्त्र सोडू नकोस

प्रश्न : मी कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. मैत्रिणी मन मोकळं करायला माझ्याकडे येतात, म्हणून समुपदेशक व्हायचं ठरवून मानसशास्त्र घेतलं. पण वर्गात सगळे मानसशास्त्रातले विचारसंप्रदाय, प्रयोगांचे आराखडे आणि आता संख्याशास्त्र. यात माणूस कुठे आहे? स्पेशलला मराठी घेऊ का?

उत्तर : मराठीची ओढ असेल तर जरूर घे, संख्याशास्त्राच्या भीतीने घेऊ नकोस. माणूस कुठे आहे म्हणतेस, तर तुला बर्लिनमधल्या एका घोड्याची हकिगत सांगते.

विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांचा हान्स हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं द्यायचा. १९०४ मध्ये जाणकारांची समिती बसली, तिला लबाडी आढळली नाही. मग मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कर फुंग्स्ट यांनी एकेक गोष्ट बदलून पाहिली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुके; विचारणारा दिसेनासा झाला तरी चुके. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलत होतं आणि ते पाहून घोडा थांबत होता. खुद्द मालकालाही याचा पत्ता नव्हता.

आता समुपदेशकाच्या खुर्चीत बसून बघ. समोरची मुलगी बोलतेय आणि ‘हिचं घरी पटत नसणार’ असं तू मनात ठरवून टाकलंयस. तुझ्या भुवया, तुझं ‘हं’ म्हणणं यातून ते तिच्यापर्यंत पोचू शकतं, आणि ती तुला हवं तेच बोलू लागते. लोकांना तुझ्याशी बोलावंसं वाटतं हा मोठा गुण आहे. पण आपला अंदाज चुकला तर तो कळणार कसा, हे संशोधनपद्धतीच शिकवते.

संप्रदायही पाठ करू नकोस, वाद म्हणून वाच. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली. तिथे माणसं स्वतःचा अनुभव नोंदवत. १९१३ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन म्हणाले, हे दुसऱ्याला पडताळता येत नाही, दिसतं ते वर्तन तपासा. तिकडे व्हिएन्नात फ्रॉइड रुग्णांच्या बोलण्यातून मनाचा तळ शोधत होते. मनाबद्दलचा पुरावा कशाला म्हणायचं, यावरच हा सगळा झगडा आहे. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तर समुपदेशनाच्या बैठकाच ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या. तुला ज्या वाटेने जायचंय, तिथलेच ते.

संख्याशास्त्राचं म्हणशील, तर पदवीपुरतं ते बारावीच्या गणिताशिवाय जमतं. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबतीने कमी-जास्त होणं, मात्र नीट समजून घे. जास्त मोबाइल बघणारी मुलं कमी झोपतात असं दिसलं, तर मोबाइलमुळे झोप उडते, की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात येतो? पालक पुढे तुला हेच विचारणार आहेत.

बी.ए.वर थांबून मात्र चालणार नाही, एम.ए. हवंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते. नियम बदलतात, म्हणून प्रवेशाआधी त्यांच्या संकेतस्थळावर मान्यता तपास.

निर्णयाआधी एक कर. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग मराठीत करून बघ. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ पिवळ्या शाईत, अशी कार्डं बनव. मैत्रिणींना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लाव आणि वेळ मोज. मग शब्द आणि शाई जुळणारी कार्डं दे, पुन्हा मोज. दोन्ही वेळांतला फरक बघून ‘असं का होतं?’ हा प्रश्न तुला पडला, तर मानसशास्त्रच घे. मोजण्याचाही कंटाळा आला, तर मला परत लिही. मग आपण दुसऱ्या विषयांचा विचार करू.