भोवऱ्यात भुंगा नाही

लहानपणीच्या आठवणी लिहायला बसलेल्या एका वाचकाने आपले वाक्य पाठवले आहे : 'माझी सर्वांत आवडती खेळणी म्हणजे लाकडी भोवरा.' हे वाक्य शुद्ध आहे का, आणि 'भोवरा' हा शब्द गुणगुणणाऱ्या भ्रमरावरून, म्हणजे भुंग्यावरून आला का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर एका ओळीत संपते, तरी ते वारंवार द्यावे लागते याचा त्रास होतो. मूळ शब्द 'खेळणे', नपुंसकलिंगी एकवचनी. 'खेळणी' हे त्याचे अनेकवचन. 'एक गाणी ऐकली' असे कोणी म्हणत नाही. मग 'एक खेळणी मोडली' किंवा 'खेळणीचा डबा' कानाला कसे चालते? माझे आवडते खेळणे, माझी आवडती खेळणी, खेळण्यांचा डबा.

आता भोवरा. शब्दाचे रूप संस्कृत 'भ्रमर' किंवा 'भ्रमरक' यावरूनच आले आहे, पण भोवरा गुणगुणतो म्हणून त्याला भुंग्याचे नाव मिळाले, ही सर्रास सांगितली जाणारी व्युत्पत्ती मला मुळीच मान्य नाही. डोक्यावरच्या केसांतही भोवरा असतो आणि तो कधीही गुणगुणत नाही. अमरकोशात 'भ्रमरक' हा शब्द कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटांसाठी आला आहे. तिथेही आवाज नाही, आहे ते वळण. या सगळ्यांना जोडणारा धागा 'भ्रम्' म्हणजे फिरणे हा धातू आहे. दोरी सुटल्यावर आरेवर, म्हणजे खालच्या अणकुचीदार खिळ्यावर, गरगरणारा भोवरा तळहातावर घेतला, की आधी जाणवते ते हाताला गुदगुल्या करणारे फिरणे. आवाज ऐकण्यासाठी तो कानाजवळ न्यावा लागतो.

'भ्रमर'चा 'भोवरा' होताना 'म'चा 'व' झाला. हाच बदल ग्राम-गाव, नाम-नाव, श्यामल-सावळा, कोमल-कोवळा आणि आमलक-आवळा या जोड्यांत दिसतो. 12 व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने अपभ्रंशाच्या, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेच्या, व्याकरणात या बदलाचे सूत्र दिले आणि उदाहरणे म्हणून जे मोजके शब्द घेतले, त्यांत 'भवँरु' आहे! 'म' गेला तरी त्याचा नासिक्य उच्चार मागे राहिला, आणि म्हणूनच जुन्या मराठीत 'भोंवरा', 'गांव', 'नांव' असे अनुस्वार देत असत. 1962 च्या लेखनविषयक नियमांनी, उच्चारात स्पष्ट नसलेले अनुस्वार व्युत्पत्तीने सिद्ध होत असले तरी देऊ नयेत, असे ठरवले. लिहिणाऱ्यांची सोय झाली हे खरे. पण ज्या टिंबात एका शब्दाचा हजार वर्षांचा प्रवास साठला होता, ते पुसण्याची घाई करायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोवळ, भोवती आणि भोवणे हेही याच कुळातले. 'भोवणे' म्हणजे मुळात गरगर फिरणे. 'केलेले भोवले' यात आपलेच कृत्य फिरून आपल्यावर येते, असे मी मानतो. दोरीला चुकीचा झटका बसून ज्याचा भोवरा उलटा स्वतःच्याच पायावर आला आहे, त्याला हा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.