जास्वंदीवर पांढरा कापूस आणि मिरचीची वळलेली पाने: घरच्या घरी काय फवारावे?

तुम्ही दोन तक्रारी सांगितल्या आहेत. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर आलाय आणि मिरचीची पाने आकसून वळतायत. दोन्हींवर चालेल असं एकच घरगुती औषध तुम्हाला हवंय, पण तसं ते नाही. आधी कीड ओळखा.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे बहुधा पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे नुसतं पाणी किंवा पातळ अर्क वरूनच ओघळून जातो. मी आधी जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकते आणि उरलेल्या ठिकाणी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुंजका पुसते. किचकट काम आहे, पण कुंडीतल्या झाडाला याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. मग साबणाचं पाणी फवारायचं: एक लिटर पाण्यात साधारण एक चमचा (५ मिली) सौम्य लिक्विड सोप. कपड्यांची पावडर नको, पाने करपतात.

साबणाचं पाणी अंगावर पडलं तरच कीड मरते. वाळल्यावर त्याचा काही उपयोग उरत नाही. म्हणून पानांच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यांत नीट भिजेल असं फवारा. वरून भुरभुरलेला फवारा वाया जातो. कापसाच्या पुंजक्यात अंडी असतात, ती वाचतातच. म्हणून आठवड्याने परत, त्यानंतर पुन्हा एकदा.

फांदीवर मुंग्यांची रांग दिसते का? पिठ्या ढेकूण आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यासाठी मुंग्या गाई राखाव्यात तशी ही कीड राखतात आणि तिला खाणारे किडे हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय फवारणी पुरेशी पडत नाही. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका.

आता मिरची. पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर संशय फुलकिड्यांवर (थ्रिप्स), खाली वळली असतील तर कोळी किडीवर (जाळं विणणारा कोळी नव्हे, माइट नावाची अगदी बारीक कीड). शेंड्याखाली पांढरा कागद धरून झटका मारा, फुलकिडे असतील तर बारीक ठिपके पळताना दिसतील; कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. इथे मी निंबोळी तेल वापरते. कोमट पाण्यात आधी साबण विरघळवायचा, मग एका लिटरला ५ मिली तेल हळूहळू घालून घुसळायचं. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि एखाद्याच पानावर घट्ट पडून ते जाळतं. मिश्रण त्याच दिवशी संपवा. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा मुख्य घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. कीड लगेच पडली नाही म्हणून हताश होऊ नका. निंबोळीने तिचं खाणं मंदावतं आणि कात टाकण्यात अडथळा येतो, त्यामुळे फरक काही दिवसांनी दिसतो.

पण पाने बारीक, जाडसर होऊन झाडाची वाढच खुंटली असेल आणि कागदावर काहीच पडत नसेल, भिंगातूनही काही दिसत नसेल, तर तो विषाणूचा चुरडा-मुरडा असू शकतो. पांढरी माशी तो पसरवते. त्यावर घरचं काय, दुकानातलंही औषध नाही. झाड उपटा आणि बाकीच्या मिरच्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा.

लसूण-मिरचीचा अर्क कीड पळवायला थोडाफार उपयोगी आहे, पण भरलेल्या झाडावर त्याच्या भरवशावर राहू नका. तंबाखूचं पाणी मात्र करूच नका. निकोटीन त्वचेतूनही अंगात जातं, आणि मिरची-टोमॅटोला तंबाखूतून विषाणूही लागू शकतो. नैसर्गिक आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. मिठाचं पाणीही नको, माती खराब होते.

कोणतंही मिश्रण आधी दोन-तीन पानांवर मारून एक दिवस थांबा. आणि फवारण्यापूर्वी झाडावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी बारीक अळी आहे का ते पाहा. ती लेडीबर्डची पिल्लं असतात, दिवसभर मावा खातात. ती असतील तर त्या फांदीला हात लावू नका. जमलं तर मिरचीच्या पानाच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाका, नक्की कोण आहे ते सांगता येईल.